टायरच्या कडेवरची ओळ

घरच्या गाडीला नवे टायर चार-पाच वर्षांतून एकदा लागतात, त्यामुळे टायरच्या दुकानात आपण कायमचे नवखे असतो. दुकानदार उकिडवा बसतो, जुन्या टायरच्या कडेवरची धूळ अंगठ्याने पुसतो आणि आतल्या पोराला हाक देतो, "एकशेपंच्याऐंशी-पासष्ट-पंधरा, चार नग!" मग आपल्याकडे वळतो, "साहेब, एक साइझ मोठा टाकू का? गाडी कशी रस्त्याला चिकटून चालेल." या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर ती धूळ पुसलेली ओळ आपल्याला वाचता यायला हवी.

१८५/६५ आर १५ ८८ एच. ही ओळ कुणी एका बैठकीत लिहिलेली नाही. तिच्यातले आकडे आणि अक्षरं वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या देशांत जन्मली. तोवर सगळ्यांनी गृहीत धरलेली एखादी गोष्ट मोडली, की ओळीत एक नवा आकडा यायचा. म्हणून तिची कुळकथा कळली, की कोणता टायर घ्यावा आणि कोणता घेऊ नये हेही बरंचसं कळून जातं.

सुरुवातीला आकड्यांची गरजच नव्हती. १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं ते घोडागाड्यांसाठी. जग ते विसरून गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलवरून तीच कल्पना पुन्हा शोधली आणि पेटंटही मिळवलं. थॉमसनचा जुना कागद पुढे आला तेव्हा ते रद्द झालं. चाक बघून टायर घडवायचा, असा तो काळ होता.

मोटारी हजारोंनी बनू लागल्या तेव्हा टायरला माप आलं आणि ते बाहेरून घेतलेलं होतं. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला पुढे ३० बाय ३ आणि मागे ३० बाय साडेतीन असे टायर असत. पहिला आकडा टायरची पूर्ण उंची, दुसरा जाडी, दोन्ही इंचांत. पण टायर जाड झाला आणि बाहेरची उंची तीच राहिली, तर आतलं भोक लहान होणारच. मॉडेल टीची पुढची रिम २४ इंची आणि मागची २३ इंची होती. एकाच गाडीच्या पुढच्या टायरची जागा मागचा घेऊ शकत नसे. टायर आणि रिम यांचं लग्न जिथे लागतं ते मापच ओळीत नव्हतं.

१९२० च्या दशकात फुगीर, कमी हवेचे टायर आले आणि ही पद्धत मागे पडली. आता आधी रुंदी आणि मग रिमचा व्यास लिहिला जाऊ लागला. आपल्याकडच्या दोन पिढ्या याच लिपीवर वाढल्या. अ‍ॅम्बेसेडरला ५.९०-१५, फियाटला ५.२०-१४. दोन्ही मापं इंचांत, मधे एक आडवी रेघ. टायरची उंची लिहायची कुणाला गरज वाटली नाही, कारण त्या काळचा टायर जवळजवळ गोल नळीसारखा, जेवढा रुंद तेवढाच उंच असे. आणि ती रेघही निमूटपणे एक गोष्ट सांगत होती. टायरच्या आतले दोरे एकमेकांना तिरके छेदत जातात, हे तेव्हा सांगावं लागत नव्हतं. सगळे टायर तसेच होते. पुढे आपण त्यांना 'नायलॉन' म्हणू लागलो.

ती रेघ फ्रान्समध्ये मोडली. मिशलँ कंपनीत मारियस मिन्योल नावाचा माणूस टायर तापतो कुठे आणि का, हे शोधत होता. त्यासाठी त्याने एक विचित्र टायर बनवला. कडांचं कापड काढून टाकलं आणि तिथे अंतराअंतरावर आडव्या पोलादी तारा ओढल्या. कारखान्यातली माणसं त्याला 'माश्यांचा पिंजरा' म्हणत. त्या पिंजऱ्याने दाखवून दिलं, की तिरके दोरे चालताना कात्रीसारखे एकमेकांवर घासतात आणि उष्णता तिथूनच येते. दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ नेले आणि वरून पोलादी पट्टा गुंडाळला, तर कड मोकळेपणी वाकते आणि रस्त्यावरचा भाग सपाट राहतो. १९४६ मध्ये पेटंट झालं, १९४९ मध्ये टायर बाजारात आला. रेघेच्या जागी 'आर' बसला. त्याच्याआधी 'रेडियल' हा शब्द टायरशी जोडायचं कारण नव्हतं. आज कुटुंबाच्या गाडीला दुसरं काही मिळतच नाही.

माझ्या मते या संपूर्ण कथेतला सर्वांत मोठा क्षण हाच, कारण उरलेली अर्धी ओळ त्या एका अक्षराच्या पोटातून आली. सपाट पट्टा मिळाल्यावर टायर रुंद करूनही बुटका ठेवता येऊ लागला. रुंदी आणि उंची यांची हजारो टायरांनी पाळलेली जोडी फुटली, आणि म्हणून '६५' आला. उंची रुंदीच्या किती टक्के, एवढंच तो सांगतो. १८५ मिलिमीटरचे ६५ टक्के म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. रिमच्या काठापासून रस्त्यापर्यंत एवढं रबर आणि हवा तुमच्या गाडीला खड्ड्यांपासून वाचवतात. हा आकडा लिहिलेला नसला, तर ऐंशीच्या थोडी वरची उंची समजायची, असा प्रघात होता.

रुंदी मिलिमीटरमध्ये आणि रिम इंचांत, हा घोळ मात्र भांडणाच्या तडजोडीसारखा आहे. फ्रेंचांना सगळं मिलिमीटरमध्येच हवं होतं. सित्रोएनच्या ट्रॅक्शन अव्हांची रिम ४०० मिलिमीटरची होती. पण जगभरच्या रिमा इंग्रज-अमेरिकी मापाने घडत होत्या. १९७५ मध्ये मिशलँने टीआरएक्स नावाचा टायर काढून पुन्हा एकदा प्रयत्न केला. त्यासाठी रिम ३९० मिलिमीटरची, म्हणजे साडेपंधरा इंचांना थोडी कमी. चुकून पंधरा इंची टायर तिच्यावर चढू नये, हा त्यामागचा हेतू. टायर उत्तम होता, बीएमडब्ल्यू आणि फोर्डने तो वापरलाही. पण त्याची रिम आणि टायर दोन्ही वेगळे, म्हणजे मालक आयुष्यभर एकाच कंपनीला बांधलेला. बाजाराने ते नाकारलं. ज्या गाड्यांवर ते टायर राहिले, त्यांचे मालक आजही बदली टायरसाठी वणवण करतात. नवी चाकं निवडताना हे लक्षात ठेवावं. चार दुकानांत सहज मिळणारं माप हे टायरच्या अंगचाच एक गुण आहे.

शेवटच्या 'एच'ची गोष्ट छोटी पण गोड आहे. अक्षरं वेग सांगतात. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी १९०, यू २००. मग एच २१०, आणि त्यानंतर व्ही २४०. बाराखडीचा क्रम सोडून एच मधेच कसा? सुरुवातीला तीनच पायऱ्या होत्या, एस, एच आणि व्ही. पुढे मधल्या पायऱ्यांना टी, यू अशी अक्षरं क्रमाने दिली, पण एच आधीच इतक्या टायरांवर कोरलेला होता की त्याला हलवणं कुणालाच परवडेना. समृद्धी महामार्गावरही मोटारीला १२० च्या पुढे जाता येत नाही, मग एवढा वेग हवा कशाला, असं वाटेल. पण हे अक्षर टायर किती उष्णता सोसतो याचीही साक्ष असतं. एप्रिलमध्ये, पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन सिमेंटच्या रस्त्यावर तीन तास सलग धावणाऱ्या गाडीला ती सोसण्याची ताकद लागते. कंपनीने दिलेल्या अक्षरापेक्षा खालचं अक्षर घेऊ नका.

'८८'चंही तसंच. पूर्वी टायरवर सुती कापडाचे किती थर हे लिहीत. नायलॉन आल्यावर थर कमी झाले, तरी ताकद दाखवायला जुनेच आकडे छापले जात. शेवटी थर सोडून थेट वजन आलं. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८५ म्हणजे ५१५ किलो. हे वजन तो पुरी हवा असतानाच पेलतो.

आता दुकानदाराच्या प्रश्नाकडे येऊ. मारुतीच्या डिझायरचा एक प्रकार १६५/८० आर १४ टायरवर विकला गेला, त्याच पिढीचा महाग प्रकार १८५/६५ आर १५ वर. गुणाकार करून बघा. पहिल्याची पूर्ण उंची येते ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याची ६२१.५. त्याच कंपनीच्या सियाझला वरच्या प्रकारात १९५/५५ आर १६ मिळायचा, त्याची उंची ६२०.९. तीन वेगळ्या ओळी, आणि फरक दोन मिलिमीटरचासुद्धा नाही! चाक मोठं झालं तसतसा टायर बुटका केला, म्हणजे वेगाचा काटा आणि गिअरचं गणित जागच्या जागी राहिलं. 'मोठा साइझ' घ्यायचा तर तो असा घ्यायचा असतो. दुकानदार १८५/६५ ऐवजी १९५/६५ आर १५ सुचवत असेल, तर उंची ६३४.५ होते, दोन टक्के जास्त. काटा ९८ दाखवेल तेव्हा गाडी १०० ने धावत असेल, आणि पुढचं चाक पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासतं का, हेही बघावं लागेल.

पण उंची जुळली तरी किंमत दुसरीकडे चुकवावी लागते. त्या तीन टायरांची कड अनुक्रमे १३२, १२० आणि १०७ मिलिमीटर आहे. पावसाळ्यातल्या आपल्या रस्त्यांवर हे पंचवीस मिलिमीटर फार मोलाचे असतात. खड्ड्याच्या धारेवर बुटका टायर चेपतो, आतले दोरे तुटतात आणि कडेवर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. आईवडिलांना आणि मुलांना घेऊन गावी जाणाऱ्या गाडीसाठी माझं मत स्पष्ट आहे. कंपनीने त्या गाडीला दिलेल्या मापांपैकी ज्याची कड सर्वांत उंच, ते माप घ्या, आणि वाचलेले पैसे ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणाऱ्या टायरवर घाला.

रिम बदलायची असेल तर तिचीही एक ओळ असते, फक्त ती आतल्या बाजूला लपलेली असते. आपण अजून सरसकट 'मॅगव्हील' म्हणतो, कारण शर्यतीच्या गाड्यांची हलकी चाकं मॅग्नेशियमची असत. आज बाजारात मिळतात ती अ‍ॅल्युमिनियमची, पण नाव जुन्या धातूचं चिकटून राहिलं. रिमवर 'ईटी ४५' असं काही दिसेल. ती जर्मन शब्दाची आद्याक्षरं आहेत. रिमच्या मध्यरेषेपासून बोल्ट बसतात तो पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेर आहे, ते हा आकडा सांगतो. तो फार बदलला, तर चाक मडगार्डबाहेर येतं आणि बेअरिंगवर ताण पडतो. आणखी एक फसवी जागा आहे. सुझुकी आणि होंडा या दोघांच्या अनेक गाड्यांना चार बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, म्हणून 'बसतंय की' म्हणून एकाची रिम दुसऱ्याला लावली जाते. पण मधलं भोक एकाचं ५४.१ आणि दुसऱ्याचं ५६.१ मिलिमीटर असतं. मोठ्या भोकाची रिम लहान हबवर बसवायची तर त्या दोन मिलिमीटरच्या पोकळीत कडं घालावं लागतं, नाहीतर गाडी ऐंशीच्या पुढे थरथरते आणि माणूस बॅलन्सिंगला पैसे देत राहतो.

ओळीत नसलेला, पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा टायरच्या दुसऱ्या टोकाला असतो. 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या पट्टीच्या शेवटी लहानशा चौकटीत चार अंक असतात. ३१२४ म्हणजे २०२४ सालचा एकतिसावा आठवडा. सदोष टायर परत मागवता यावेत म्हणून अमेरिकेने १९७१ मध्ये ही नोंद सक्तीची केली. आधी अंक तीनच होते, त्यामुळे दशक कळत नसे. २००० पासून चार झाले. मी एकदा हा आकडा न बघता चार टायर घेतले. घरी येऊन वाचला, तर टायर तीन वर्षं गोदामात पडून होते. नक्षी नवीकोरी, पण रबर तोवर वयात आलेलं. दुकानदाराने फसवलं म्हणावं, तर त्याने तारीख लपवली नव्हती, मी ती विचारली नव्हती.

या कथेत शेवटचा शब्द स्टेपनीचा. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेथ्ली गावात डेव्हिस बंधूंनी आरे नसलेलं एक चाक काढलं. पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला ते पकडींनी आवळून बसवायचं आणि घर गाठायचं. तोवर मोटारीत जादा चाक नसेच. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून चाकाचं नाव स्टेपनी. खुद्द ब्रिटनमध्ये शब्द विरला, आपल्याकडे मात्र तो घराघरात राहिला. ब्राझीलमध्येही तो 'एस्तेपे' म्हणून जिवंत आहे.

अनेक सेडानमध्ये आज चार अलॉय एका मापाचे आणि डिकीतली स्टेपनी एका इंचाने लहान, पोलादी असते. तिच्यावर वेगमर्यादेचा स्टिकर असतो, बहुधा ताशी ८० चा. चारही टायर बदलताना पाचव्याकडे कुणी बघत नाही, आणि तो गाडीइतकाच जुना होत जातो. म्हणून दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी करा. ड्रायव्हरच्या दाराशेजारच्या खांबावर कंपनीने छापलेलं माप आणि हवेचा आकडा उतरवून घ्या. आणि डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीची तारीख वाचा.