हद्दीबाहेरचा ग्राहक

२०२२ च्या जुलै महिन्यात मी बंगळूरला भाच्याकडे मुक्कामास होतो. माझी थोरली बहीण सांगलीला एकटी राहते. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी मिरजेला जावे लागते, आणि ते दहाएक किलोमीटरचे अंतर रिक्षाने जाणे त्या वर्षी तिला जड होऊ लागले होते. तिच्या नावाने एक लहान, चढाउतरायला सोपी मोटार घ्यावी असे आम्ही ठरवले. चालवायला शेजारचा मुलगा तयार होता. सांगलीच्या विक्रेत्याने सात महिन्यांचा वायदा सांगितला, कारण त्या काळात सेमीकंडक्टर चिपांच्या तुटवड्याने मोटार कारखान्यांचे वेळापत्रक जगभर कोलमडलेले होते. बंगळूरच्या एका शोरूममध्ये मात्र नेमकी तीच गाडी तयार उभी होती.

पैसे तयार, गाडी तयार, आणि तरीही विक्रेता गाडी विकायला तयार नाही, असा प्रसंग माझ्या वाट्याला प्रथमच आला. पत्ता सांगलीचा आहे हे कळेपर्यंत चहा आणि आदरातिथ्य उत्तम चालले होते. कळल्यावर व्यवस्थापकांनी फाईल मिटली आणि म्हणाले, "सर, आऊट ऑफ स्टेट केस आम्ही करत नाही." का करत नाही, या प्रश्नाला दोन दिवसांत चार उत्तरे मिळाली. कंपनीने आमचा एरिया ठरवून दिलेला आहे. संगणकप्रणाली परराज्याचा पत्ता घेत नाही. नंबरप्लेटचा घोळ होतो. उद्या कर्नाटकाचा कर चुकवला म्हणून आम्हालाच नोटीस येईल. भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, सोडून द्या. इथे सगळ्यांना हेच सांगतात."

सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे मला एक खोड लागली आहे. एका नकाराला चार कारणे मिळाली की त्यातले एकही पूर्ण खरे नसावे असे वाटू लागते, आणि प्रत्येकाचे मूळ शोधावेसे वाटते. हा लेख त्या शोधाचा आहे.

प्रथम कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४० प्रमाणे गाडीची नोंदणी मालकाचे राहण्याचे वा धंद्याचे ठिकाण जिथे आहे, आणि गाडी सामान्यतः जिथे ठेवली जाते, तिथे व्हायला हवी. गाडी कुठे विकत घ्यावी याविषयी कायदा अवाक्षर काढत नाही. उलट, कलम ४३ मधील तात्पुरती नोंदणी ही एका ठिकाणी घेतलेली गाडी दुसऱ्या ठिकाणी नेऊन नोंदवता यावी याचसाठी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तिची मुदत एका महिन्यावरून सहा महिन्यांपर्यंत वाढवली. त्याच दुरुस्तीने कलम ४१ मध्ये अशी तरतूद घातली की, नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज विक्रेत्याने करावा, पण गाडी त्याच्याच राज्यात नोंदवली जाणार असेल तर. म्हणजे ती दुसऱ्या राज्यातही नोंदवली जाऊ शकते, हे संसदेने गृहीतच धरलेले आहे. तेव्हा 'परवानगी नाही' हे वाक्य कायद्याचे नव्हते. मग ते आले कुठून?

ते आले टंचाईतून. आजच्या तरुण वाचकांना सांगून खरे वाटणार नाही, पण मोटार, स्कूटर आणि मालमोटार या तिन्हींची विक्री एके काळी सरकारी आदेशाने चाले. औद्योगिक (विकास व विनियमन) अधिनियम, १९५१ च्या आधारे केंद्र सरकारने मोटारींसाठी १९५९ मध्ये, स्कूटरींसाठी १९६० मध्ये आणि व्यापारी वाहनांसाठी १९६३ मध्ये वितरण व विक्री नियंत्रण आदेश काढले. गिऱ्हाइकाने नाव नोंदवायचे, विक्रेत्याने ते वहीत क्रमाने लिहायचे आणि क्रम लागेल तेव्हा गाडी द्यायची. ज्या विक्रेत्याच्या वहीत नाव, त्याच्याच दारातून गाडी मिळणार.

माझ्या वडिलांचे नाव साताऱ्याच्या अशा एका वहीत होते. ते महसूल खात्यात कारकून होते. स्कूटरची नोंद केल्यावर त्यांची बदली नांदेडला झाली. नांदेडच्या विक्रेत्याकडे नोंद वर्ग करा, म्हणून त्यांनी केलेले अर्ज मी शाळकरी वयात स्वच्छ अक्षरात उतरवून दिले आहेत. उत्तर आले नाही. आठव्या वर्षी क्रम लागला, तेव्हा वडील रजा काढून साताऱ्याला गेले, स्कूटर ताब्यात घेतली आणि एका ओळखीच्या मालमोटारीत घालून नांदेडला आणली. आमच्या घरी त्या दिवशी पेढे वाटले होते. विक्रेत्याने कृपा केली अशीच सर्वांची भावना होती. ती भावना मला आज अधिक बोचते.

या 'एरिया'वर न्यायालयात एकदा चांगला खल झाला, आणि त्याची कथा बंगळूरच्या त्या व्यवस्थापकांना मी खरे तर सांगायला हवी होती. १९६९ मध्ये मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथांविरुद्धचा कायदा आला. बाजारपेठेचे विभाग पाडून ते वाटून देणारे करार त्याने संशयास्पद ठरवले. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, जमशेदपूरला १९५४ पासून मालमोटारी बनवीत होती. तिच्या विक्रेत्यांशी झालेल्या करारात अट होती, की ज्याने त्याने नेमून दिलेल्या प्रदेशातच गाड्या विकाव्यात, बाहेर विकू नयेत. या अटीला निबंधकांनी आव्हान दिले, आणि आयोगाने ती अट निर्बंधक ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीश अजित नाथ रे यांच्या पीठाने टेल्कोचे म्हणणे मान्य केले.

त्यामागचा विचार असा होता. गाड्या थोड्या, मागणी फार. विक्रेत्याला कुठेही विकण्याची मुभा दिली, तर मागास भागाच्या वाट्याच्या गाड्या तो चढत्या मागणीच्या शहरांकडे वळवील आणि त्या भागातील गिऱ्हाईक उपाशी राहील. शिवाय विक्रेत्याने आपल्या भागात दुरुस्तीची कार्यशाळा उभी करायची, तर त्याला त्या भागाची शाश्वती हवी. म्हणून ही हद्द स्पर्धेला मारक नसून समन्यायी वाटपासाठी आहे, असे न्यायालयाला वाटले. त्या वेळच्या परिस्थितीत हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. सोलापूरच्या वाट्याची मालमोटार मुंबईच्या वाहतूकदाराने उचलली असती, तर सोलापूरकराने दाद कुणाकडे मागायची?

परंतु त्याच निकालात एक कसोटीही सांगितलेली आहे, आणि ती मला निकालापेक्षा मोलाची वाटते. निर्बंध योग्य की अयोग्य हे त्या धंद्याची वैशिष्ट्ये, निर्बंधाआधीची व नंतरची स्थिती, आणि निर्बंधाचे स्वरूप व परिणाम पाहून ठरवावे. पुढे टंचाई सरली, नियंत्रण आदेश इतिहासजमा झाले, दारोदार फिरून गाडी घ्या म्हणणारे विक्रेते आले. एरिया मात्र राहिला. त्याच्या मागचे कारण निघून गेले आणि सवय उरली. प्रशासनात हे नेहमी घडते. दुष्काळात घातलेली जिल्हाबंदी धान्य मुबलक झाल्यावरही कागदावर वर्षानुवर्षे तशीच राहिलेली मी पाहिली आहे.

विक्रेत्याला भीती कायद्याची नसते, कारखानदाराची असते. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड केला (कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली), ते प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्याचा उगम एका निनावी ई-मेलमध्ये होता. मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा मिळून होणाऱ्या विभागातील विक्रेत्यांना कंपनीने ठरवलेल्यापेक्षा अधिक सूट देऊ दिली जात नाही, अशी ती तक्रार होती. आयोगाच्या आदेशात असे नमूद आहे, की कंपनीने नेमलेल्या संस्थांची माणसे ग्राहकाचे सोंग घेऊन शोरूममध्ये जात आणि जादा सूट देणारा विक्रेता सापडला तर त्याला दंड होई. तो वाद सवलतीचा होता, हद्दीचा नव्हे. पण अनोळखी ग्राहकाकडे विक्रेता इतक्या संशयाने का पाहतो, याचे थोडे उत्तर त्यात आहे.

आता चौथे कारण, कराचे. हे मात्र अगदीच खोटे नव्हते.

आपल्या राज्यघटनेत मोटारीचे दोन मालक आहेत. समवर्ती सूचीतील ३५ व्या नोंदीप्रमाणे यांत्रिक वाहने आणि त्यांच्यावरील कराची तत्त्वे हा केंद्र व राज्य दोघांचा विषय. राज्यसूचीतील ५७ व्या नोंदीप्रमाणे वाहनांवरचा प्रत्यक्ष कर राज्याचा. त्यामुळे नोंदणी केंद्राच्या कायद्याने आणि कर राज्याच्या कायद्याने, अशी जोडगाडी आपण चालवत आहोत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर म्हैसूर राज्याने १९५७ मध्ये आणि मुंबई राज्याने १९५८ मध्ये आपापले वाहनकर कायदे नव्याने केले. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या बेळगावच्या मोटारवाल्याला तेव्हापासून कोल्हापूर हे परराज्य झाले.

घटनेचे कलम ३०१ म्हणते की भारतभर व्यापार आणि दळणवळण मुक्त असेल. मग प्रत्येक राज्याचा वाहनकर हा त्यात अडसर नाही का? हा प्रश्न अजमेरच्या बसवाल्यांनी विचारला होता. अजमेर तेव्हा वेगळे राज्य होते आणि त्यांच्या बसगाड्यांना वाटेत राजस्थानचा थोडा मुलूख ओलांडावा लागे. तेवढ्यासाठी राजस्थान कर मागू लागले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मताने सांगितले, की रस्ते वापरण्याचा मोबदला म्हणून घेतलेला कर हा अडथळा नव्हे. हा भरपाईचा सिद्धान्त चौपन्न वर्षे टिकला. नोव्हेंबर २०१६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो सोडून दिला आणि कर भेदभाव करणारा आहे की नाही एवढेच पाहावे असे ठरवले.

कराची भिंत एकट्या कर्नाटकाने घातली असे समजून आपण मराठी माणसांनी कुरकुरू नये. स्वस्त विक्रीकराच्या राज्यातून मोटारी आणणाऱ्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८७ मध्ये मोटारींवरील प्रवेशकराचा खास कायदा केला होता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येईपर्यंत तो वसूल होत असे. मी स्वतः एका बैठकीत त्याचे जोरदार समर्थन केले होते.

वाचकांपैकी जे २०१४-१५ च्या सुमारास बंगळूरमध्ये एम.एच. क्रमांकाची गाडी चालवत होते, त्यांना मात्र कुरकुरण्याचा हक्क आहे. केंद्राच्या कायद्यातील कलम ४७ दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक राहिलेल्या गाडीला नवा क्रमांक घ्यायला सांगते. कर्नाटकाने २०१४ मध्ये आपल्या करकायद्यात दुरुस्ती करून तीस दिवसांहून अधिक राहिलेल्या परराज्याच्या गाडीला थेट आजीवन कर लागू केला. चौकाचौकांत गाड्या अडवल्या जाऊ लागल्या. मार्च २०१६ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने ती दुरुस्ती रद्द ठरवली. बदलीच्या नोकरदारांसाठी केंद्राने सप्टेंबर २०२१ पासून 'बी.एच.' मालिका आणली. तीही कर्नाटकाने खासगी नोकरदारांना नाकारली होती. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती त्यांना खुली केली. सांगलीतल्या निवृत्त शिक्षिकेला त्या मालिकेचा काही उपयोग नव्हता.

आता व्यवस्थापकांचा संशय समजू शकेल. पाच ते दहा लाखांच्या मोटारीवर कर्नाटकाचा कर त्या वेळी १४ टक्के आणि वर उपकर. महाराष्ट्रात तेवढ्याच किमतीच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. पुदुच्चेरीचे खोटे पत्ते देऊन महागड्या गाड्या घेणाऱ्यांनी प्रामाणिक परराज्यीय ग्राहकाचे नाव आधीच खराब करून ठेवलेले.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो आणि एक पानाचे पत्र दिले. त्यात वाद घातला नाही. कलम ४०, ४१ आणि ४३ चा उल्लेख केला, बहिणीचा रहिवासाचा पुरावा आणि मिरजेच्या उपचारांचे कागद जोडले, सांगलीत नोंदणी व कर आम्ही भरू अशी हमी दिली, आणि शेवटी लिहिले की विक्री नाकारायची असल्यास कारण कृपया लेखी द्यावे. ते पत्र घेऊन व्यवस्थापक आत गेले. अर्ध्या तासाने आले ते विमा त्यांच्याकडूनच घ्यावा अशी विनंती घेऊन. भाच्याने ती मान्य करून टाकली. मला ती मान्य नव्हती, पण भाच्याचा रक्तदाबही मला पाहायला हवा होता. संगणकप्रणालीत तात्पुरत्या नोंदणीसाठी स्वतंत्र पर्याय होता. तो त्यांच्याच एका मुलीने दोन मिनिटांत उघडून दाखवला.

विक्री प्रमाणपत्राचा नमुना २१ आणि रस्तायोग्यतेचा नमुना २२ घेऊन आम्ही शनिवारी पहाटे निघालो आणि हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करत रात्री सांगलीला पोचलो. सोमवारी आर.टी.ओ.त कर भरला, तपासणी झाली. अडचण आली ती शेवटी, उच्च सुरक्षा नंबरप्लेटपाशी. ती बसवायला त्याच कंपनीच्या स्थानिक विक्रेत्याकडे गेलो, तेव्हा तिथल्या गृहस्थांनी गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "ही गाडी आमची नाही. बंगळूरवाल्यांकडे न्या."

प्लेट मिळायला एकोणीस दिवस लागले. तोवर ताई तात्पुरत्या क्रमांकाच्या पिवळ्या पाटीनिशी मिरजेला जात होती, आणि डायलिसिस केंद्राचा रखवालदार दर खेपेला शेजारच्या मुलाला विचारत होता, गाडी कर्नाटकातून आली का म्हणून.