संगणक शिक्षक प्रशिक्षण, खानदेश (माध्यमिक स्तर)

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांत संगणक शिकवणाऱ्यांचे सेवांतर्गत प्रशिक्षण. दोन्ही जिल्हे राज्य मंडळाच्या नाशिक विभागात येतात. येथील बी.एड. महाविद्यालये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या (स्थापना 1990) कार्यक्षेत्रात आहेत.

पूर्वपीठिका : शालेय संगणक शिक्षणाचा देशातील पहिला मोठा प्रयोग 1984-85 चा ‘क्लास’ प्रकल्प, त्यात बीबीसी मायक्रो हे संगणक वापरले गेले. महाराष्ट्रात 2001 नंतर एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला आणि शिक्षकांनी तो सेवेची अट म्हणून पूर्ण केला. त्यातून टंकलेखन, तक्ते, इंटरनेट जमू लागले. संगणक वापरता येणे म्हणजेच संगणक शिकवता येणे, असे धरले गेले ते तेव्हापासून. या क्षेत्राचे सर्वांत मोठे नुकसान त्या गृहीतकाने केले.

आयसीटी योजना : केंद्राने 2004 मध्ये सुरू केलेल्या योजनेत अनेक शाळांना संगणकांसोबत निदेशकही खाजगी पुरवठादारामार्फत, ठरावीक मुदतीसाठी मिळाले. मुदत संपली की निदेशक जातो आणि त्याला दिलेले प्रशिक्षणही शाळेत उरत नाही. निदेशकांच्या नियमितीकरणाचा प्रश्न वादाचा आहे.

उच्च माध्यमिक स्तर : माहिती तंत्रज्ञान विषयाचा नवा अभ्यासक्रम अकरावीला 2019-20 पासून व बारावीला पुढील वर्षापासून लागू झाला. त्यात जावास्क्रिप्ट, पीएचपी, पोस्टग्रेएसक्यूएल आले. द्विलक्षी संगणकशास्त्रात मात्र 8085 मायक्रोप्रोसेसर आणि सी++ हा पाया राहिला. दोन्ही विषय एकाच शिक्षकाकडे असतील तर तयारीही दुहेरी करावी लागते.

संगणकाविना अध्यापन : एसीएम इंडियाच्या ‘सीएसपाठशाला’ उपक्रमाने (2016) संगणकीय विचारपद्धती संगणकाशिवायही शिकवण्यावर भर दिला. या पद्धतीतील परिचित कृती अशी : पाच विद्यार्थी रांगेत उभे राहतात. त्यांच्या हातातील पुठ्ठ्यांवर डावीकडून 16, 8, 4, 2, 1 ठिपके असतात. शिक्षक ‘एकोणीस’ म्हणतात. 16, 2 आणि 1 चे पुठ्ठे समोर, बाकीचे पालथे, फळ्यावर 10011. ‘वीस’ म्हटले की कोणी वळायचे, हे वर्गच ठरवतो. तासिकेच्या वेळी वीज नसली तरी काही अडत नाही. शिक्षकाला विषयाचा गाभा हाती देणारे प्रशिक्षण ते हेच, आणि खानदेशात ते आधी यायला हवे होते.

धुळे जिल्ह्यातील डिजिटल शाळा : मूळचे धुळ्याचे, न्यूयॉर्कस्थित बँकर हर्षल विभांडिक यांच्या पुढाकाराने व लोकवर्गणीतून जिल्हा परिषदेच्या 1,103 शाळा डिजिटल झाल्या. गावोगाव प्रेरणा सभा घेऊन ग्रामस्थांना निधीसाठी तयार केले गेले. या शाळा मुख्यतः प्राथमिक. त्यामुळे माध्यमिक शाळेत येणारी मुले पडद्याला सरावलेली असतात आणि शिक्षकाकडून त्यापुढचे अपेक्षितात.

ऑनलाइन प्रशिक्षण : माध्यमिक शिक्षकांसाठी 2021 मध्ये दीक्षा मंचावर ‘निष्ठा 2.0’ आले. तेरा अभ्यासक्रमांपैकी बारा सामायिक होते व एक विषयनिहाय. सामायिकांत अध्यापनातील आयसीटी होते. विषयनिहाय भागाचा भर भाषा, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रांवर राहिला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते.

नंदुरबार (1998 पर्यंत धुळे जिल्ह्यात) : स्वतंत्र नोंद पाहा.