बातमीचें मोल

वर्तमानपत्रांचे दिवस आतां भरले, असें अलीकडे वारंवार ऐकूं येतें. मोबाइलच्या कांचेवर जगांतील घडामोड क्षणांत उमटत असतां दुसऱ्या दिवशीं सकाळीं दारांत पडणारा शाईचा कागद कोणास हवा, असा त्या बोलण्याचा रोख असतो. शाळेंत इतिहास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला या प्रश्नाची निराळी बाजू दिसते. बातमी वाहून नेण्याचें साधन गेल्या दोनशें वर्षांत चारपांच वेळां तरी पालटलें, आणि दर वेळीं तिची वाहतूक स्वस्त झाली. बातमी शोधून काढण्याचा व ती खरी कीं खोटी हें पारखण्याचा खर्च मात्र कोणत्याहि यंत्रानें फारसा कमी केला नाहीं. हा खर्च आजवर कोणीं सोसला आणि डिजिटल युगांत तो कोण सोसणार, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रारंभ मुंबईपासून करूं. 6 जानेवारी 1832 रोजीं बाळशास्त्री जांभेकर यांनीं ‘दर्पण’ काढलें. कोंकणांतील पोंभुर्ले गांवचा हा तरुण त्या वेळीं जेमतेम विशीचा होता. पत्राच्या पानावर दोन रकाने असत, एक मराठीचा व एक इंग्रजीचा. राज्यकर्त्यांस प्रजेचें मनोगत कळावें आणि प्रजेस नव्या विद्येची ओळख व्हावी, असा दुहेरी हेतु त्यांत होता. आरंभीं पाक्षिक असलेलें हें पत्र चार महिन्यांतच साप्ताहिक झालें. वर्गणीदार मात्र तीनशेंच्या आसपास. जाहिरातींचा आधार म्हणावा तर तोहि नव्हता. ज्यांस वाचावयाचें त्यांनींच खर्च भरावयाचा, आणि पैसे मोजून वाचणारे लोक त्या काळीं असे किती असणार! 1840 सालीं दर्पण बंद पडलें. पुढें सहा वर्षांनीं बाळशास्त्रीहि ऐन तारुण्यांत निवर्तले.

दर्पण निघाल्यास दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं, तोंच सातासमुद्रांपलीकडे न्यूयॉर्क शहरांत बेंजामिन डे नांवाच्या एका मुद्रकानें नेमका उलट मार्ग धरिला. सप्टेंबर 1833 मध्यें त्यानें ‘सन’ नांवाचें दैनिक काढून त्याची किंमत एक सेंट ठेविली. इतर पत्रें तेथें सहा सेंटांस विकलीं जात. एका सेंटांत खर्च भागत नसे. तूट भरून निघे ती जाहिरातींतून. रस्त्यावर ओरडत फिरणारीं पोरें अंक विकीत, खप वाढे, आणि खप वाढला कीं जाहिरातदार धांवत येत. वाचकाचें लक्ष गोळा करून तें तिसऱ्यास विकावयाचें, असा हा व्यापार. त्याचें फळ लवकरच दिसलें. ऑगस्ट 1835 मध्यें ‘सन’नें एक लेखमाला छापली. थोर ज्योतिषी सर जॉन हर्शेल यांनीं आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाहून प्रचंड दुर्बिणींतून चंद्र न्याहाळला, तों तेथें अरण्यें, पशु आणि वटवाघुळासारखे पंख असलेलीं माणसें दिसलीं, असें वर्णन त्यांत होतें. हर्शेल त्या वेळीं खरोखरच केपला होते. खोटें होतें तें दुर्बिणींतून दिसलेलें सगळें. लोकांनीं अंकावर उड्या घातल्या, आणि आपला खप 19 हजारांवर जाऊन जगांत पहिला ठरला अशी फुशारकी त्या पत्रानें मारिली. मोबाइलवर रोज येणारीं नवलें पाहून ज्यांना हें युगच निराळें वाटतें, त्यांनीं ही चंद्रावरील माणसांची कथा अवश्य आठवावी.

वर्गणीदारांवर चालणारें पत्र तेवढें सत्यनिष्ठ आणि जाहिरातींवर चालणारें लबाड, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. हेतु शुद्ध असूनहि पारख चुकते, याचें उदाहरण आपल्या घरचेंच आहे. जानेवारी 1881 मध्यें पुण्यास ‘मराठा’ व ‘केसरी’ हीं दोन पत्रें निघालीं. त्या वेळीं कोल्हापूरचे अल्पवयी छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांस वेड लागलें आहे असें सरकारी गोटांतून सांगितलें जाई. लोकांत मात्र अशी दाट समजूत होती कीं महाराजांचा छळ होत आहे आणि कारभारी रावबहादुर माधवराव बर्वे हे त्यांत सामील आहेत. अशांत बर्वे यांच्या नांवचीं कांहीं पत्रें बाहेर आलीं. त्यांच्या भरंवशावर केसरी व मराठा यांनीं बर्व्यांवर कडक लिखाण केलें. बर्व्यांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद लाविली. न्यायालयांत तीं पत्रें बनावट ठरलीं. संपादकांनीं झाल्या प्रकाराबद्दल क्षमा मागितली, परंतु खटला थांबला नाहीं. जुलै 1882 मध्यें टिळक व आगरकर या दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि त्यांपैकीं 101 दिवस त्यांनीं मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत काढले. आगरकरांनीं त्या दिवसांवर पुढें पुस्तकहि लिहिलें.

या प्रकरणाकडे पाहण्याची आपल्याकडील रीत मला कधींच पुरेशी वाटली नाहीं. तुरुंगवासाचा गौरव होतो; बनावट कागदांचा उल्लेख एका वाक्यांत उरकला जातो. वास्तविक पत्रकाराच्या दृष्टीनें सारा धडा त्या कागदांतच आहे. खोटा कागद ज्याच्या हातीं येतो त्याच्या मनांत आधींच जो संशय असतो, त्याला तो कागद दुजोरा देतो. म्हणूनच तो तपासून पाहण्याची बुद्धि होत नाहीं. आणि गंमत अशी कीं मूळ शंका अगदींच निराधार नव्हती. पुढच्याच वर्षीं, 25 डिसेंबर 1883 रोजीं, अहमदनगर येथें आपल्या गोऱ्या रखवालदाराशीं झालेल्या झटापटींत महाराजांचा अंत झाला. खऱ्या अन्यायाची बाजू खोट्या पुराव्यावर लढविल्यामुळें त्या अन्यायाबद्दल बोलणाऱ्यांचींच तोंडें ऐन वेळीं बंद झालीं. आज यंत्राच्या साह्यानें कोणाचाहि आवाज व चेहरा हुबेहूब बनवितां येतो. हस्ताक्षराची नक्कल करण्यास निदान कसबी माणूस तरी लागे.

दरम्यान तारायंत्र आलें होतें. 1866 सालीं रॉयटर या वृत्तसंस्थेनें मुंबईंत कचेरी उघडली आणि 1870 सालीं सुएझपासून मुंबईपर्यंत समुद्राच्या तळाशीं तार पडली. आगबोटीनें कित्येक आठवड्यांनीं येणारी विलायतेची बातमी कांहीं तासांत येऊं लागली. तारेस शब्दागणिक पैसे पडत, म्हणून अनेक पत्रांनीं मिळून एकाच संस्थेकडून बातमी घेणें सोयीचें झालें. परस्परविरुद्ध मतांच्या पत्रांना एकच बातमी विकावयाची, तेव्हां तींत आपलें मत मिसळणें संस्थेस परवडत नसे. व्यापाराच्या गरजेंतून एक चांगली संवय लागली ती अशी. रॉयटरची नजर साम्राज्याची होती, ही देशी पत्रांची तक्रार रास्तच होती, आणि फेब्रुवारी 1949 मध्यें भारतीय वर्तमानपत्रांच्या मालकीच्या प्रेस ट्रस्ट ऑफ इंडियानें रॉयटरकडून येथील कारभार हातीं घेतला.

मराठींत मात्र फार दिवस बातमीपेक्षां मताला मान होता. लोक पत्र घेत तें अग्रलेखासाठीं. 1881 चा केसरी रोज निघूं लागला तो 1962 सालीं, यावरून काय तें समजावें. ही चाल मोडली ती नारायण भिकाजी तथा नानासाहेब परुळेकर यांनीं. अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत शिकून आलेल्या या गृहस्थांनीं 1 जानेवारी 1932 रोजीं पुण्यास ‘सकाळ’ सुरू केला. नगरपालिकेंतील चर्चा, बाजारभाव, पाणी, रस्ते, तालुक्याच्या गांवांतील घडामोडी यांस त्यांनीं पहिल्या प्रतीची बातमी मानिलें आणि गांवोगांव बातमीदार नेमले. विद्वानांनीं आरंभीं नाकें मुरडलीं असतील. परंतु आपल्या गल्लींतील नळाची बातमी चुकली तर वाचक दुसऱ्या दिवशीं कचेरींत येऊन उभा राहतो, हा पत्रावरील अंकुश अग्रलेखाला कधींच नव्हता.

गांवोगांवच्या या बातमीदारांचा खर्च अंकाच्या किंमतींतून निघत नाहीं, आणि निघत नव्हताहि. बेंजामिन डे याची युक्ति तोंवर साऱ्या जगानें उचलली होती. नोकरी, घर, वर, वधू, जुनी मोटार, प्रत्येकाची छोटी जाहिरात वर्तमानपत्रांत येई, आणि तिच्या पैशांवर न्यायालयांत दिवसभर बसून राहणारा बातमीदार पोसला जाई. जाहिरात देणाऱ्याच्या मनांत पत्रकारितेस मदत करण्याचा विचारहि नसे. इंटरनेटनें या दोन गोष्टींची ही अपघाती जोडी तोडली. घर विकणारा आपला मजकूर फुकट प्रसिद्ध करूं लागला, आणि मोठ्या जाहिराती गूगल व फेसबुक यांच्याकडे वळल्या. अमेरिकेंतील वर्तमानपत्रांचें जाहिरातींचें उत्पन्न 2005 सालीं सुमारें 49 अब्ज डॉलर होतें. 2020 सालीं तें 9 अब्जांच्या आसपास आलें. त्याच वर्षीं तेथील पत्रांस वाचकांकडून मिळालेली रक्कम जाहिरातींच्या उत्पन्नापुढें गेली. ख्रिश्चन सायन्स मॉनिटरनें 2009 सालीं रोजचा छापील अंक थांबविला, आणि लंडनच्या इंडिपेंडंटनें मार्च 2016 मध्यें छपाई कायमची बंद केली.

यावर तोड निघालीच नाहीं असें नाहीं. न्यूयॉर्क टाइम्सनें मार्च 2011 मध्यें इंटरनेटवरील वाचनास दर लाविला, तेव्हां फुकटच्या बाजारांत विकत कोण घेईल म्हणून पुष्कळांनीं त्यास वेड्यांत काढलें. आज त्याचे वर्गणीदार एक कोटीच्या वर आहेत. गार्डियननें उलट दार उघडें ठेवून वाचकांपुढें झोळी पसरली आणि तीहि भरली. 1936 पासून त्याच्या पाठीशीं एक विश्वस्तनिधि आहे, ही गोष्ट मात्र विसरतां कामा नये. कॅनडानें 2023 सालीं कायदा करून मोठ्या कंपन्यांकडून वृत्तसंस्थांस मोबदला मिळवून देण्याचें ठरविलें. गूगल वर्षाला 10 कोटी कॅनेडियन डॉलर देण्यास कबूल झाली. फेसबुकच्या मालकांनीं मात्र त्या देशांत बातम्या दाखविणेंच बंद केलें. आपल्याकडे पी. साईनाथ यांनीं 2014 सालीं खेड्यापाड्यांतील जीवनाची नोंद ठेवणारी ‘पारी’ ही संस्था इंटरनेटवर उभी केली. ती देणग्यांवर चालते, आणि तिचा मजकूर मराठींतहि वाचावयास मिळतो. म्हणजे दर्पणाच्या तीनशें वर्गणीदारांची जुनीच रीत फिरून आली. फरक इतकाच कीं इंग्रजी जाणणारें जग मोठें आहे. मराठी वाचकानें अंकासाठीं थोड्या रुपयांहून अधिक मोजण्याची संवय अजून लावून घेतलेली नाहीं.

सगळा दोष नव्या यंत्रावर टाकणाऱ्यांस आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. 2009 सालच्या निवडणुकींत पैसे घेऊन बातमीच्या वेषांत जाहिराती छापल्याचा प्रकार महाराष्ट्रासह अनेक राज्यांत गाजला, आणि प्रेस कौन्सिलला त्याच्या चौकशीसाठीं उपसमिति नेमावी लागली. तो सारा व्यवहार छापील कागदावरचा होता. जाहिरातीची जागा आणि बातमीची जागा यांमधील रेघ पुसली कीं काय होतें, हें कळण्यास संगणकाची गरज पडली नाहीं.

सर्वांत अधिक ओढाताण होते ती तालुक्याच्या गांवीं. तेथील बातमीदारास पगार असा बहुधा नसतोच. मानधन नाममात्र, आणि जाहिराती मिळवून त्यांवर कमिशन घ्यावयाचें. ज्या साखर कारखान्याची दिवाळीची जाहिरात त्यानें आणावयाची, त्याच कारखान्याच्या वजनकाट्याविषयीं शेतकऱ्यांची तक्रार असेल तर तीहि त्यानेंच लिहावयाची. पुण्यामुंबईच्या पत्रांनीं खर्चाला कात्री लावावयाची म्हटलें म्हणजे पहिला हात याच माणसावर पडतो, कारण त्याच्या नसण्यानें शहरांतील वाचकास कांहींच उणें भासत नाहीं.

उणें काय झालें, हें धुळें जिल्ह्यानें पाहिलें आहे. 2018 च्या उन्हाळ्यांत मुलें पळविणाऱ्या टोळ्या फिरत आहेत अशी अफवा व्हॉट्सॲपवरून देशभर पसरली. 1 जुलै रोजीं, रविवारीं, साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजांतील, भिक्षा मागत फिरणारे पांच जण तेथें आले. जमावानें त्यांना मुलें पळविणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडलें आणि ठार मारलें. तालुक्यांत खरोखर एखादें मूल नाहींसें झालें आहे काय, एवढें चौकीवर व चार गांवांत जाऊन विचारणें, आणि उत्तर दुसऱ्या दिवशीं छापणें, हें एका माणसाचें दोन दिवसांचें काम आहे.

त्याच महिन्यांत त्या कंपनीनें मजकूर एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडण्यास आपल्या देशांत अटकाव केला. आलेली बातमी खरी कशी ओळखावी, याच्या सूचनाहि तिला लोकांस द्यावयाच्या होत्या. कोट्यवधि भारतीयांच्या खिशांत जिचें यंत्र दिवसरात्र जागें असतें, त्या कंपनीनें या सूचना देण्यासाठीं निवडलीं तीं वर्तमानपत्रें. तिनें पूर्ण पानाच्या जाहिराती त्यांत छापून घेतल्या.