तुटलेला हात

ऋग्वेदांत विश्पलेची कथा आहे. युद्धांत तिचा पाय तुटला, तेव्हां अश्विनीकुमारांनीं तिला धातूची जंघा बसविली. तुटलेलाच पाय परत जोडल्याचें मात्र तेथें म्हटलेलें नाहीं. देववैद्यांनींहि सोपा मार्ग पत्करला म्हणावयाचा!

तो अवघड मार्ग प्रथम साधला २३ मे १९६२ रोजीं, अमेरिकेंतील बोस्टन शहरीं. जवळच्या समरव्हिल येथील १२ वर्षांचा एक मुलगा फुकट फेरीच्या हौसेनें चालत्या मालगाडीला लोंबकळला व दगडी बांधकामावर आपटला. उजवा हात खांद्याजवळ तुटला. डाव्या हातानें तो सांवरीत पोर चालत निघालें! असलीं धाडसी मुलें मीं वर्गांत पुष्कळ पाहिलीं आहेत. त्याला मूर्ख म्हणण्यास माझी जीभ रेटत नाहीं. मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत पाहतात तों हात धडापासून सुटा, केवळ बाहींत राहिलेला.

तरुण शस्त्रवैद्य डॉ. रोनाल्ड माल्ट यांनीं तो बर्फांत ठेवविला व जोडावयाचें ठरविलें. रक्तवाहिन्या शिवण्याची कला नवी नव्हती. अलेक्सिस कारेल यांनीं ती १९०२ सालींच प्रसिद्ध केली होती. रक्त खेळूं लागतांच निस्तेज हात गुलाबी झाला. हाडही सांधलें. परंतु मज्जातंतु जोडले ते सप्टेंबरांत, दुसऱ्या शस्त्रक्रियेनें. मज्जातंतु दिवसाला सुमारें १ मिलिमीटर वाढतो. म्हणजे बोटांपर्यंत पोंचावयास वर्षाहून अधिक काळ. तोंवर हा हात आहे कीं खांद्याला टांगलेलें ओझें, हें कोण सांगणार? माझ्या मतें खरी कसोटी शस्त्रक्रियेच्या दिवसाची नव्हे, ह्या प्रतीक्षेची होती.

खांद्याजवळची धमनी जाड असते. बोटांतली जेमतेम १ मिलिमीटर, लहान मुलांत त्याहूनहि बारीक. तेथें नुसता डोळा निरुपयोगी. १९६० सालीं व्हरमाँट येथें डॉ. ज्यूलियस जेकबसन यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं बारीक रक्तवाहिन्या शिवून दाखविल्या, आणि १९६५ सालीं जपानांत नारा येथें कोमात्सु व तामाई ह्या द्वयीनें पूर्ण तुटलेला आंगठा जोडला. त्यांतील धागा केसाहून बारीक असतो. लहान मुलांचे मज्जातंतु प्रौढांपेक्षां चांगले भरून येतात, ही निसर्गाची कृपाच.

एक व्यवहाराची गोष्ट. तुटलेलें बोट थेट बर्फावर ठेवूं नये. स्वच्छ ओल्या फडक्यांत गुंडाळून पिशवींत बंद करावें व ती पिशवी बर्फांत ठेवावी.

त्या बोस्टनच्या मुलाला कांहीं वर्षांनीं बोटें हलवितां येऊं लागलीं, मनगट वाकूं लागलें, ऊन-गारहि कळूं लागलें.