एक्स-कल्चर
व्यवसाय व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना आंतरराष्ट्रीय गटकार्याचा सराव देणारा शैक्षणिक प्रकल्प. अमेरिकेतील ग्रीन्सबरो येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्राध्यापक वास तारस यांनी तो २०१० मध्ये सुरू केला. निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांचा छोटा गट समोरासमोर न भेटता, ई-मेल, व्हिडिओ कॉल व सामायिक दस्तऐवजांच्या आधारे, एखाद्या कंपनीच्या खऱ्या प्रश्नावर (उदा., नव्या बाजारपेठेत प्रवेश) अहवाल तयार करतो. काम सुमारे दोन महिने चालते. बैठकीची वेळ जुळवणे ही नेहमीची अडचण : हिवाळ्यात ग्रीन्सबरोत सकाळचे ९ वाजतात, तेव्हा भारतात सायंकाळचे ७·३० झालेले असतात. कामचुकारपणाला आळा बसावा म्हणून सदस्य परस्परांच्या कामाचे मूल्यमापन करतात. या गटांच्या कामकाजाची माहिती आंतरसांस्कृतिक व्यवस्थापनाच्या संशोधनातही वापरली जाते.