छोटा तिमोर, मोठा शेजारी आणि पश्चिम सहारा

आज जरा नकाशा उघडून बसा. इंडोनेशियाच्या बेटांच्या रांगेत, ऑस्ट्रेलियाच्या वर, तिमोर नावाचं बेट आहे. त्याचा पूर्वेकडचा भाग म्हणजे तिमोर-लेस्ते हा देश. लोकसंख्या जेमतेम १३ लाख. एकेकाळी तिथला पोर्तुगीज कारभार आपल्या गोव्यातून चालायचा.

२० मे २००२ रोजी हा देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी त्याने आफ्रिकेच्या पार पश्चिम टोकावरच्या सहरावी प्रजासत्ताकाला, म्हणजे पश्चिम सहाराला, मान्यता दिली. का?

उत्तर १९७५ सालात आहे. पोर्तुगालचा ताबा सुटला आणि ७ डिसेंबरला इंडोनेशियाचं सैन्य तिमोरच्या राजधानीत, दिलीत, उतरलं. त्याच सुमारास स्पेन पश्चिम सहारातून निघाला आणि मोरोक्को आत आला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नुकतंच मत दिलं होतं की, काही टोळ्यांशी जुने संबंध असले तरी तेवढ्याने मोरोक्कोचं सार्वभौमत्व ठरत नाही. तरीही तीन आठवड्यांत साडेतीन लाख मोरोक्कन नागरिकांचा मोर्चा सीमेवर धडकला.

तिमोरने २४ वर्षं सोसलं. १९९८ मध्ये सुहार्तो पायउतार झाले, म्हणून ३० ऑगस्ट १९९९ ला सार्वमत झालं. ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्य निवडलं. पश्चिम सहारात १९९१ मध्ये शस्त्रसंधी झाली, संयुक्त राष्ट्रांची तुकडी आली, पण मतदार कोण, इथेच घोडं अडलं. सहरावींची संघटना पोलिसारिओ म्हणे, १९७४ ची स्पॅनिश शिरगणती धरा; मोरोक्को म्हणे, यादी वाढवा. मतदान आजवर झालेलं नाही.

मी फौजेत आयुष्य काढलं. शस्त्रसंधीची रेषा आखताना सगळे म्हणतात, ही तात्पुरती आहे. सहारात मोरोक्कोने सुमारे २७०० किलोमीटर लांबीचा वाळूचा बांध घातला, त्याच्या कडेने सुरुंग पेरले. असा बांध जितकी वर्षं टिकतो, तितका तो सीमा बनत जातो.

भारतानेही १९८५ मध्ये सहरावींना मान्यता दिली आणि २००० मध्ये ती काढून घेतली. इतरही अनेक देश मागे फिरले. तिमोर फिरला नाही.

आता दुसरी बाजू. तिमोरच्या पूर्वेला, इंडोनेशियाच्याच ताब्यात, पश्चिम पापुआ आहे. १९६९ मध्ये तिथे सगळ्या जनतेचं मतदान न घेता निवडक हजारेक प्रतिनिधींचा कौल घेतला गेला. त्यावर आजही वाद आहे. पण तिमोर त्याला इंडोनेशियाचा अंतर्गत प्रश्न मानतो.

याला दुटप्पीपणा म्हणायचं? मी घाई करणार नाही. जमिनीवरची एकुलती एक सीमा इंडोनेशियाशी, बाजारातला बराचसा माल तिथलाच. २०२५ मध्ये आसियानचं सदस्यत्व मिळालं, तेही इंडोनेशियाच्या संमतीशिवाय शक्य नव्हतं. सहाराबद्दल बोलणं तिमोरला परवडतं, पापुआबद्दल परवडत नाही.

म्हणून एक खूणगाठ बांधा. एखाद्या देशाचं तत्त्व तपासायचं असेल, तर तो दूरच्यासाठी काय बोलतो ते ऐका आणि शेजारच्यासाठी कुठे गप्प बसतो तेही पाहा. पण म्हणून दूरच्यासाठी काढलेला शब्द फुकट जात नाही. अल्जीरियात तिंदूफजवळच्या छावण्यांत सहरावींची तिसरी पिढी वाढते आहे. उशिरा का होईना, मतपेटी येऊ शकते, हे त्यांना सांगायला तिमोरचं उदाहरण तरी आहे.

जय हिंद.