ई, एच, आय, जे कुठे गेले?

अमेरिकन हेल्थ इन्शुरन्सच्या प्रोजेक्टवर काम केलेला माणूस शोधायला हिंजवडीत फार हिंडावं लागत नाही. अशा कुणीही ही यादी कुठल्या ना कुठल्या ड्रॉपडाउनमध्ये पाहिलेली असते: ए, बी, सी, डी, एफ, जी, के, एल, एम, एन. मेडिगॅप पॉलिसींचे प्रकार. ही यादी पाहिली की पहिला प्रश्न एकच पडतो, मधली ई, एच, आय, जे कुठे गेली? तो बग नाहीये मंडळी. त्या भोकांमध्ये चाळीसेक वर्षांचा इतिहास भरलाय, आणि आमच्या रिक्वायरमेंट डॉक्युमेंटपेक्षा तो कितीतरी वाचनीय आहे.

सुरुवात १९६५ ची. ३० जुलैला प्रेसिडेंट लिंडन जॉन्सननी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली, म्हणजे ६५ च्या पुढच्यांसाठी सरकारी आरोग्य विमा. पार्ट ए हॉस्पिटलसाठी, पार्ट बी डॉक्टरसाठी. १९६६ मध्ये तो सुरू झाला तेव्हा पार्ट बी चा हप्ता होता महिन्याला ३ डॉलर. पण ही चादर पहिल्यापासूनच आखूड होती. हॉस्पिटलात गेलात की पहिले ४० डॉलर तुमचे, डॉक्टरच्या बिलात वर्षाचे पहिले ५० डॉलर तुमचे, आणि त्यापुढच्या मान्य बिलाचे २० टक्केही तुमचेच. या २० टक्क्यांना वरची मर्यादा नाही. (मूळ मेडिकेअरमध्ये आजही नाही!) साधा ताप असेल तर ठीक, कॅन्सर झाला तर २० टक्के म्हणजे घर विकायची वेळ.

जिथे भगदाड तिथे धंदा. खाजगी कंपन्यांनी ही उरलेली रक्कम भरणाऱ्या पॉलिसी काढल्या, म्हणून नाव मेडिगॅप. प्रत्येक कंपनीची पॉलिसी वेगळी, शब्द वेगळे, बारीक अक्षरातल्या अटी वेगळ्या. दोन पॉलिसी शेजारी ठेवून तुलना करणं जवळजवळ अशक्य. एजंट घरी यायचा, म्हाताऱ्या माणसाला घाबरवायचा आणि आधीची पॉलिसी असताना आणखी एक गळ्यात मारायचा. १९७८ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या वृद्धांविषयीच्या समितीने यावर सुनावण्या घेतल्या. अध्यक्ष क्लॉड पेपर स्वतः तेव्हा ७८ वर्षांचे होते. एकेका माणसाकडे त्याच त्या गोष्टीसाठी चार-चार पॉलिसी आणि क्लेम आला की पैसे एकीचेही धड नाहीत, असा सगळा प्रकार.

१९८० मध्ये सिनेटर मॅक्स बॉकस यांची दुरुस्ती आली. वैयक्तिक पॉलिसीत गोळा केलेल्या हप्त्यांपैकी निदान ६० टक्के रक्कम क्लेमपोटी परत गेली पाहिजे, किमान अमुक फायदे हवेत, वगैरे. चांगली होती, पण मुळात ऐच्छिक. तुलना करण्याचा प्रश्न तसाच राहिला.

यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडतो. १९८८ मध्ये काँग्रेसने ठरवलं की भगदाड सरकारनेच बुजवावं. खर्चाला वरची मर्यादा, औषधांचे पैसे, सगळं देणारा कायदा झाला, रेगन यांनी सही केली. फक्त त्याचा खर्च वृद्धांनीच उचलायचा होता, आणि ज्यांची मिळकत बरी त्यांना १९८९ साठी माणशी ८०० डॉलरपर्यंत जादा कर. आता यातल्या बऱ्याच जणांकडे जुन्या नोकरीतून मिळालेला पूरक विमा आधीपासून होता. जे फुकट आहे त्यासाठी पैसे का भरा? ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत कायद्याचे एक प्रमुख पुरस्कर्ते डॅन रोस्टेनकोव्स्की यांची गाडी चिडलेल्या आजी-आजोबांनी अडवली, एक आजी तर बॉनेटवर चढल्या. शेवटी साहेब गाडीतून उतरले आणि पेट्रोल पंपाच्या आवारातून चक्क पळत सुटले. त्याच वर्षाअखेर कायदा जवळजवळ पूर्ण रद्द. आपल्याकडे मोर्चे कमी होत नाहीत, पण अर्थविषयक समितीचा अध्यक्ष म्हाताऱ्यांना घाबरून पळालेला काही ऐकिवात नाही :)

असो. भगदाड राहिलं आणि खाजगी पॉलिसीही राहिल्या. मग १९९० च्या कायद्याने दुसरी बाजू धरली: विका, पण जास्तीत जास्त दहाच प्रकार. राज्यांच्या विमा आयुक्तांच्या संघटनेने ते आखले आणि १९९२ पासून ए ते जे ही अक्षरं लागू झाली. (मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनची स्वतःची पद्धत आधीच होती, त्यांना सूट.) यातलं एक कलम मला जबरदस्त वाटतं. अक्षर तेच तर फायदे तेच, कंपनी कुठलीही असो. इंटरफेस एक, इम्प्लिमेंटेशन कुणाचंही. एका कंपनीचा जी आणि दुसऱ्या कंपनीचा जी यात फरक फक्त हप्त्याचा, तो कसा वाढत जाणार याचा आणि सर्व्हिसचा. आणि हप्त्यातला हा फरक आजही चांगलाच मोठा असतो, म्हणजे जास्त पैसे भरणाऱ्याला जास्त काहीच मिळत नाही!

आता ती भोकं. एच, आय आणि जे मध्ये औषधांचे पैसे मिळत, तेही तुटपुंजे: अर्धा खर्च, आणि एच-आयमध्ये वर्षाला १२५० डॉलर, जे मध्ये ३००० डॉलर इतकीच मर्यादा. २००६ मध्ये सरकारने औषधांसाठी पार्ट डी सुरू केला, तेव्हा नव्या पॉलिसींतून हा फायदा गेला. त्याच कायद्याने कमी हप्त्याचे, अर्धवट भरपाईचे के आणि एल आणले. मग जून २०१० मध्ये बाकी साफसफाई झाली. घरी येऊन शुश्रूषा आणि प्रतिबंधक तपासण्या हे दोन फायदे काढले, जी मध्ये थोडी भर घातली. तेवढं केल्यावर लक्षात येतं की ई आणि एच म्हणजे डी च, आय म्हणजे जी, आणि जे म्हणजे एफ. डुप्लिकेट कोड! चारही बंद, आणि एम व एन नवे. ज्यांच्याकडे जुनी पॉलिसी होती त्यांना ती चालू ठेवता आली, म्हणून जुन्या सिस्टिममधून ही अक्षरं काढून टाकता येत नाहीत. २०२० पासून सी आणि एफ हेही नव्याने पात्र होणाऱ्यांना मिळत नाहीत, कारण ते पार्ट बी ची सुरुवातीची रक्कमसुद्धा भरतात आणि माणूस निष्कारण डॉक्टरकडे जातो असं काँग्रेसचं मत पडलं.

इथपर्यंत वाचून वाटेल की निवड सोपी झाली. अक्षरांपुरती झालीच. पण मधल्या काळात खरी निवड अक्षरांच्या अलीकडे सरकली होती. १९८२ च्या कायद्याने खाजगी एचएमओना मेडिकेअरची माणसं ठरावीक रकमेत सांभाळायला मोकळं केलं, १९९७ मध्ये त्याला पार्ट सी म्हणून जागा मिळाली, २००३ मध्ये मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज हे नाव. (पार्ट सी आणि प्लॅन सी यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. नावं ठेवणाऱ्याला शोधून काढायला हवं.) हप्ता बऱ्याचदा शून्य, २०११ पासून खर्चाला वरची मर्यादा, वर दात आणि चष्मा. बदल्यात डॉक्टर त्यांच्या नेटवर्कमधला आणि महागड्या उपचाराला आधी परवानगी. २०२३ पर्यंत निम्म्याहून अधिक लोक इकडे आले होते. अ‍ॅडव्हान्टेज असताना मेडिगॅप वापरता येत नाही, दोन्हीपैकी एकच.

आणि यात खरा काटा आहे तो १९९० च्याच कायद्यातल्या दुसऱ्या एका कलमाचा. ६५ पूर्ण आणि पार्ट बी सुरू, त्या महिन्यापासून सहा महिने कुठलीही कंपनी तब्येत विचारून मेडिगॅप नाकारू शकत नाही की हप्ता चढवू शकत नाही. नंतर विचारू शकते. अ‍ॅडव्हान्टेजमध्ये पहिल्यांदा गेलेल्याला साधारण वर्षभरात परतायची सोय आहे, पुढे बहुतेक राज्यांत नाही. कनेक्टिकट, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स आणि मेन हे अपवाद. म्हणजे ६६ व्या वर्षी ठणठणीत असताना शून्य हप्ता घ्यायचा आणि ७४ व्या वर्षी आजार निघाल्यावर मेडिगॅपकडे वळायचं, तर दार बंद असू शकतं.

आपल्याकडच्या अनेक घरांना हे कलम थेट लागतं. मुलगा किंवा मुलगी सिटिझन झाली, आईबाबांना ग्रीन कार्डवर बोलावलं. त्यांनी तिथे कधी नोकरी केलेली नसते, त्यामुळे ६५ च्या वर आणि सलग पाच वर्षं वास्तव्य झालं की मेडिकेअर विकत घेता येतं, पार्ट ए चासुद्धा हप्ता भरून. तो चांगलाच जड असतो, तेव्हा इतके भरल्यावर पुढे शून्य हप्त्याची अ‍ॅडव्हान्टेज गोड वाटणारच. पण वय ७१ असो की ७५, पार्ट बी सुरू झालेल्या महिन्यापासून त्यांचेही सहा महिने मोजायला सुरुवात होते, आणि बाबांची अँजिओप्लास्टी, आईची शुगर यातलं काहीही त्या सहा महिन्यांत विचारता येत नाही. ही तारीख घरातल्या कॅलेंडरवर आईबाबा नाही लिहिणार, ती आपणच लिहायची.